नातवाचा सासरा: कोर्योच्या ई जा-ग्योमची गोष्ट

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय "कोर्योच्या दरबारातली सरदार घराणी आणि सत्ता", त्यावर बोलणारच आहे, पण आधी ई जा-ग्योमच्या, म्हणजे बाराव्या शतकातल्या तिथल्या एका बड्या दरबाऱ्याच्या, घरातलं सांगतो कारण ते माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत राहील. कोरियन सिरियल बघणारे इथे बरेच दिसताहेत, त्यामुळे कोर्यो म्हणजे कोरियातलं जोसन राजवटीच्या आधीचं राज्य, राजधानी आजचं केसोंग, हे सांगत बसत नाही.

तर हे इंचनचं ई घराणं. जा-ग्योमच्या आजोबांनी, ई जा-यनने, मुनजोंग राजाला एक नाही, तीन मुली दिल्या आणि त्यातल्या एकीची तीन मुलं पुढे राजे झाली. म्हणजे धंदा घरातच चालत आलेला. जा-ग्योमचं स्वतःचं करिअर मात्र सुरुवातीलाच अडकलं, त्याची बहीण सुनजोंग राजाची राणी, राजा वारल्यावर तिचं राजवाड्यातल्या एका गुलामाशी प्रकरण झालं आणि त्यात भावाची नोकरी गेली. बहिणीमुळे गेलं ते मुलीमुळे परत आलं: 1108 मध्ये त्याची दुसरी मुलगी येजोंग राजाची राणी झाली, पुढच्याच वर्षी मुलगा झाला, आणि 1122 मध्ये येजोंग वारला तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या त्या नातवाला, इनजोंगला, जा-ग्योमने गादीवर बसवलं.

इथपर्यंत ठीक आहे हो, आजोबांनी नातवाला सांभाळलं. पण उद्या दुसऱ्या कुठल्या घरातली राणी आली तर? म्हणून 1124 ला तिसरी मुलगी इनजोंगला दिली आणि 1125 ला चौथी. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, इथे राजाच्या सख्ख्या दोन मावश्या त्याच्या राण्या! (हसताय, पण त्या पोराचा विचार करा, घरात नाही म्हणायला कोणाकडे जाणार, आजोबा तेच आणि सासरेही तेच.) कोर्योच्या राजघराण्यात जवळची लग्नं नवी नव्हती, ग्वांगजोंगची राणी तर त्याची सावत्र बहीण होती, तरी पुढे दरबाऱ्यांनी मावशी राणी कशी म्हणून आक्षेप घेतलाच, अर्थात आजोबा पडल्यावर. आजोबा जोरात असताना मान वर करून बोलला तो किम बू-शिक, ज्याने पुढे 1145 मध्ये 'साम्गुक सागी' हा इतिहास लिहिला; तो म्हणाला, आजोबा असले तरी दरबारात ते प्रजाच. बाकी सगळे भेटी घेऊन दारात. 'कोर्यो-सा'मध्ये, म्हणजे कोर्योच्या अधिकृत इतिहासात, नोंद आहे की त्याच्या घरी हजारो शेर मांस नुसतं सडत पडलेलं असायचं.

आता 1126. राजाच्या माणसांनी जा-ग्योमला पकडायचा प्लॅन केला, सेनापती चोक जुन-ग्योंगचा भाऊ आणि मुलगा दोघांना मारलं, आणि हा चोक कोण, तर जा-ग्योमचा व्याही. त्याने राजवाडाच पेटवला. घाबरलेल्या राजाने गादी आजोबांना द्यायची चिठ्ठी लिहिली, जा-ग्योम ती हातात घेऊन घुटमळला, तेव्हा ई सू नावाच्या त्याच्याच भाऊबंदाने भरदरबारात मोठ्याने सांगितलं, असं कसं चालेल. मग रडत रडत परत केली.

आणि माझी तक्रार इथून सुरू होते. कोणीही ही गोष्ट सांगतं तेव्हा "ई जा-ग्योमचं बंड" एवढंच सांगतं. पण राजाला जिवंत ठेवलं कोणी? चौथ्या मुलीने. बापाने विष घातलेला पोळा पाठवला, तांदळाचा, हिने गुपचूप नवऱ्याला सांगितलं, त्याने तो कावळ्याला टाकला, कावळा मेला. मग बापाने विषाचा वाडगा तिच्याच हाती दिला, राजाला पाज म्हणून. ती वाडगा घेऊन चालली आणि मुद्दाम अडखळून पडली, सगळं जमिनीवर. बापाशी भांडण नाही, नवऱ्यासमोर आरडाओरडा नाही. मी हे अनेकदा वाचलंय आणि दरवेळी राग येतो, कारण एवढं करणाऱ्या बाईचं नावसुद्धा इतिहासात लिहिलेलं नाही, फक्त "ई जा-ग्योमची चौथी मुलगी". चोकच्या नोकराशी कोण काय बोललं ते लिहून ठेवलंय, हिचं नाव नाही!

नोकराचं काय, तर जा-ग्योमच्या मुलाचा गुलाम चोकच्या गुलामाला म्हणाला की तुझ्या मालकाने राजावर बाण सोडले, राजवाडा जाळला, त्याला तर फाशीच. चोक जा-ग्योमकडे गेला, टोपी आणि झगा काढून फेकला, म्हणाला मी गुन्हेगार ना, जातो कबुली द्यायला, आणि घरी जाऊन झोपला. राजवैद्य छ्वे सा-जनने बरोबर तेव्हाच त्याला राजाकडे वळवला. जा-ग्योमला धरलं, योंगग्वांगला हद्दपार केलं, तो तिथेच त्याच वर्षी मेला. चोकलाही पुढच्या वर्षी हाकललं.

वेळ झाली अशी खूण होतेय, मूळ मुद्दा पटकन घेतो. कोर्योमध्ये परीक्षेशिवाय घराण्यामुळे नोकरी मिळायची सोय होती आणि ती मुलीकडच्या नातवंडांना, जावयांनाही लागू होती, लग्नानंतर जावई सासुरवाडीत राहायचा, म्हणून आजोळ तिथे जड असायचं. जा-ग्योमची पॉवर यातूनच आली, पण ती टिकायची तर प्रत्येक पिढीत मुलगी राजाला द्यायची आणि तिला मुलगा व्हायचा. या दोन मावश्यांना मूल झालंच नाही. दोघींना 1126 मध्येच राणीपदावरून काढलं, त्याच वर्षी इम घराण्यातली राणी आली, तिची तीन मुलं राजे झाली आणि ई घराण्याची जागा गेली. चौथ्या मुलीला मात्र इनजोंगने जमीन, घर, नोकर दिले, आणि 1195 मध्ये ती गेली तेव्हा तिला राणीच्या मानाने पुरलं.