चांभाराची ऐरण

नमस्कार श्रोतेहो.

21 सप्टेंबर 1995. पितृपक्ष चालू होता. सकाळी दिल्लीहून बातमी सुटली, गणपती दूध पितोय, आणि दुपारपर्यंत आपल्याकडेही देवळांसमोर रांगा लागल्या. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात गणपतीची वीतभर पितळी मूर्ती होती. आईनं दुधाचा चमचा सोंडेला टेकवला. दूध हळूहळू कमी झालं. तिनं डोळे मिटून हात जोडले, आणि मी शेजारी नुसता बघत राहिलो. काय बोलावं ते सुचेना.

त्या दिवशीच्या बातम्यांमध्ये दूरदर्शनवरच्या 'आज तक' या हिंदी बुलेटिननं एक वेगळं दृश्य दाखवलं. रस्त्यावर बसणाऱ्या चांभाराची लोखंडी ऐरण, तिला टेकवलेला दुधाचा चमचा. ऐरणीनंही दूध 'प्यायलं'! चमचा काठोकाठ भरून कशालाही टेकवला की पृष्ठताणामुळे दूध पुढे ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली ओघळतं. पांढऱ्या दगडावर तो ओघळ दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून तोही दाखवला. पण सामान्य माणसाला पटली ती ऐरण. कारण ती त्याच्या ओळखीची होती.

ही नजर ज्यांची होती, त्या सुरेंद्र प्रताप सिंह यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. सगळे त्यांना एस. पी. म्हणत. जन्म उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरचा, वाढले कोलकात्याजवळ, आणि पत्रकारितेची उमेदवारी केली आपल्या मुंबईत, धर्मवीर भारतींच्या 'धर्मयुग' या हिंदी साप्ताहिकात. पुढे 1977 साली कोलकात्याहून 'रविवार' साप्ताहिक निघालं, त्याचं संपादन त्यांनी केलं. त्यानंतर 'नवभारत टाइम्स' हे हिंदी दैनिक. म्हणजे जवळजवळ सगळं आयुष्य छापील शब्दात गेलेला हा माणूस.

17 जुलै 1995 ला दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'आज तक' सुरू झालं. वीस मिनिटांचं बुलेटिन. संपादक तेच आणि पडद्यावर बातम्या सांगणारेही तेच. वीस मिनिटं म्हणजे बाराशे सेकंद, त्यातही जाहिराती. अख्ख्या देशाचा दिवस त्यात बसवायचा. लोकांना दिसतो तो बातम्या वाचणारा चेहरा. खरं काम त्याआधी होतं. कुठली बातमी आधी, कुठली मागे, कुठलं दृश्य ठेवायचं, कुठलं वाक्य उडवायचं, हे ठरवणाऱ्या माणसाला मी बुलेटिनचा कर्ता मानतो. ऐरणीचा तो शॉट कुणीतरी घ्यावा लागतो, आणि तो दाखवायचाच, असं कुणीतरी म्हणावं लागतं.

भाषेचंही तसंच. संस्कृत शब्दांनी जड झालेल्या सरकारी हिंदीची आपल्या कानांना सवय होती. एस. पीं.नी बातमी बोलत्या हिंदीत आणली, चहाच्या टपरीवर चालते त्या हिंदीत. हिंदी जेमतेम येणाऱ्या माझ्या आईलाही ती समजायची. शेवटी ते म्हणत, 'ये थीं खबरें आज तक, इंतजार कीजिए कल तक', आणि आमच्या घरात मग जेवणाची ताटं उचलली जायची.

13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला आग लागली. तळाच्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात झाली, धूर बाल्कनीत कोंडला आणि 59 माणसं गेली. ती बातमी एस. पीं.नी सांगितली. सांगताना त्यांना किती जड जात होतं, ते बघणाऱ्याला कळत होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. 27 जूनला ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

31 डिसेंबर 2000 ला 'आज तक' चोवीस तासांची वाहिनी झाली. ती बघायला ते नव्हते. त्यांच्या वाट्याला रोजची वीस मिनिटं आली होती, तीही दोन वर्षांहून थोडी कमीच.

नमस्कार.