सक्ती कोणी केली?

(दृश्य: न्यूयॉर्क, मॅनहटनमधलं फेडरल न्यायालय. दगडी पायऱ्या, सकाळची वर्दळ.)

२२ जानेवारी २००३. न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी मॅकडॉनल्ड्सविरुद्धचा एक दावा फेटाळला. ब्राँक्समधल्या दोन मुलींच्या वतीने त्यांच्या पालकांनी तो आदल्या वर्षी दाखल केला होता. म्हणणं असं, की या कंपनीचं खाणं वर्षानुवर्षं खाऊन मुली लठ्ठ झाल्या, पाठोपाठ आजार आले, आणि या खाण्याने काय होतं ते कंपनीने कधी नीट सांगितलं नाही.

दावा दाखल झाला तेव्हा अमेरिका हसली होती. रात्रीच्या टीव्हीवर विनोद झाले, वर्तमानपत्रांतून टपल्या मारल्या गेल्या. स्वतः हादडायचं आणि वर भरपाई मागायची! आपल्या कट्ट्यावर विषय निघाला असता, तर आपणही हेच म्हणालो असतो.

वकील मंडळी मात्र हसत नव्हती. चारच वर्षांपूर्वी, १९९८ मध्ये, सिगारेट कंपन्यांनी अमेरिकेतल्या ४६ राज्यांशी तडजोड केली होती. रक्कम होती २५ वर्षांत २०० अब्ज डॉलरहून जास्त. ‘ओढणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने ओढली’ हा युक्तिवाद तिथे टिकला नव्हता. मग बर्गरच्या बाबतीत तरी तो किती दिवस टिकणार?

टिकला. स्वीट यांनी निकालपत्रात लिहिलं, की मॅकडॉनल्ड्समध्ये खाण्याची सक्ती कोणावरही नाही. आणि लगेच कंसात एक वाक्य टाकलं: अपवाद असलाच तर लहान मुलांच्या आईबापांचा, कारण तिथलं खाणं, खेळणी आणि घसरगुंडी यांच्यासाठी मुलं त्यांना ओढत नेतात.

न्यायाधीशांनी हे गमतीने लिहिलं असावं. पण या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत गंभीर वाक्य मला तेच वाटतं.

(दृश्य: कढईत तळली जाणारी कोंबडी. मग कारखान्यातला पट्टा, एकसारखे नगेट्स.)

त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. तळलेलं खाल्लं की चरबी वाढते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याबद्दल सावध करण्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. पण चिकन मॅकनगेट्स म्हणजे तव्यावर तळलेली नुसती कोंबडी नव्हे, असं स्वीट म्हणाले. घरी स्वयंपाक करणारा माणूस कधी वापरणार नाही अशा घटकांची ती जुळवाजुळव आहे. कथेतल्या, तुकडे जोडून बनवलेल्या राक्षसावरून त्यांनी त्याला ‘मॅकफ्रँकेन्स्टाइन’ म्हटलं. ग्राहकाला न कळणारा धोका त्यात असेल, तर गोष्ट वेगळी. दावा सुधारून आणण्याची मुभा त्यांनी दिली.

म्हणजे कायद्याची रेघ इथे पडली. लपवलं असेल तर कंपनी जबाबदार, आणि उघड असेल तर खाणारा.

लपवाछपवीची किंमत या कंपनीने नुकतीच मोजलीही होती. अमेरिकेतल्या तिच्या फ्राइजमध्ये गोमांसापासून काढलेला स्वाद असतो, हे २००१ मध्ये उघडकीला आलं. शुद्ध वनस्पती तेलात तळतो म्हटल्यावर लोक ते शाकाहारी समजून खात होते. तिकडे हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी दावा लावला, इकडे ठाण्यात कंपनीच्या दुकानाची मोडतोड झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये तो स्वाद नव्हता, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेत माफी मागून १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटलं.

पण लठ्ठपणाचं काम लपूनछपून झालेलंच नाही. ते झालं भर काउंटरवर.

(दृश्य: जुन्या चित्रपटगृहातला पॉपकॉर्नचा ठेला.)

शिकागो. डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे गृहस्थ चित्रपटगृहांच्या एका साखळीत काम करत. पॉपकॉर्न आणि शीतपेयांचा खप वाढवायचा, या विवंचनेत ते होते. किंमत कमी करून पाहिली, जोड्या लावून पाहिल्या. गिऱ्हाईक दुसरी पिशवी काही घेईना. मग त्यांच्या लक्षात आलं, की माणसाला आणखी हवं असतं, पण चारचौघांत दोन पिशव्या घेऊन बसायची त्याला लाज वाटते. खादाड दिसायचं नसतं. वॉलरस्टीननी पिशवीच मोठी केली. खप वाढला.

पुढे हेच वॉलरस्टीन मॅकडॉनल्ड्सच्या संचालक मंडळावर आले. सत्तरच्या दशकात त्यांनी फ्राइजचं मोठं माप आणायचा आग्रह धरला. कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक तयार नव्हते. लोकांना जास्त हवे असतील तर दोन पुडे घेतील की! वॉलरस्टीननी दुकानात बसून लोकांचं खाणं न्याहाळलं. पुडा संपल्यावरही माणसं तळाशी उरलेलं मीठ आणि चुरा बोटाने टिपत होती. क्रॉक यांचा विरोध मावळला.

१९५५ मध्ये फ्राइज एकाच मापात मिळायच्या, साधारण ६८ ग्रॅम. शीतपेयाचा पेला २०० मिलीलीटरच्या आसपास. २००१ पर्यंत ‘सुपरसाइज’ फ्राइज २०० ग्रॅमपर्यंत गेल्या होत्या आणि पेला सव्वा लीटरचा झाला होता. बर्फ धरून, पण सव्वा लीटर.

हिशेब अगदी सरळ आहे. दुकानाचं भाडं, पगार आणि जाहिरात महाग. बटाटा, तेल आणि साखरपाणी स्वस्त. माप दुप्पट केलं तरी कंपनीचा खर्च जरासाच वाढतो. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं, थोड्याशा पैशांत केवढं मिळालं! समोर जास्त आलं की माणूस जास्त खातो, हे पोषणशास्त्राच्या प्रयोगांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. काउंटरवरची मुलगी हसून विचारते, ‘लार्ज करू का?’ तिला तसं विचारायला शिकवलेलं असतं. यात सक्ती कुठेच नाही. लपवलेलंही काही नाही.

सत्तरच्या दशकाअखेर अमेरिकेत १०० प्रौढांपैकी १५ जण लठ्ठ होते. २००० पर्यंत ३०. आज ४० च्या आसपास. सगळं खापर बर्गरवर फोडणं खोटं ठरेल. मोटारीवाचून पान न हलणारी शहरं आहेत, दिवसभर बसून केलेली कामं आहेत, घराघरातली तयार खाण्याची पाकिटं आहेत. पण माणसाची इच्छाशक्ती पंचवीस वर्षांत निम्मी झाली, असं तर कोणी म्हणणार नाही ना?

(दृश्य: हॅपी मीलचा लाल खोका. मूल खोका उघडून आधी खेळणं बाहेर काढतं.)

आता त्या कंसातल्या आईबापांकडे येऊ. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० मध्ये नियम केला: मुलांच्या जेवणात उष्मांक, मीठ, चरबी ठरलेल्या मर्यादेत असेल, फळं-भाज्या असतील, तरच त्यासोबत खेळणं फुकट देता येईल. नियम लागू व्हायचा दिवस उजाडला, १ डिसेंबर २०११. मॅकडॉनल्ड्सने खेळण्याला किंमत लावली. दहा सेंट. तेही धर्मादाय कामाला जाणार. खेळणं आता फुकट नव्हतं, त्यामुळे नियमही मोडला नाही. जेवण होतं तसंच. डोकं लढवावं तर असं!

(दृश्य: वॉशिंग्टन, संसदेचा घुमट.)

मार्च २००४. कंपनीने अमेरिकेत सुपरसाइज बंद करत असल्याचं जाहीर केलं. मेनू सुटसुटीत करायचाय, असं कारण दिलं. त्याच महिन्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहाने २७६ विरुद्ध १३९ मतांनी एक विधेयक मंजूर केलं. लोक त्याला ‘चीजबर्गर विधेयक’ म्हणत. खाऊन लठ्ठ झालो म्हणून खाद्यकंपनीवर दावा लावता येऊ नये, एवढाच त्याचा मतलब. सिनेटमध्ये ते अडकलं. पण पुढच्या काही वर्षांत वीसहून जास्त राज्यांनी स्वतःचे तसेच कायदे करून टाकले. उपाहारगृहांच्या संघटना त्यांच्यामागे उभ्या होत्या.

मला इथे अडखळायला होतं. दावा एवढा हास्यास्पद होता, तर तो दाखलच होऊ नये म्हणून एवढी धावपळ कशाला?

ब्राँक्सचं प्रकरण रखडत राहिलं. २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने फसव्या जाहिरातींचा मुद्दा पुन्हा जिवंत केला. २०१० मध्ये न्यायालय म्हणालं, सगळ्या मुलांचा मिळून एक दावा चालणार नाही. प्रत्येकाचा बाकीचा आहार, व्यायाम, घरातली आनुवंशिकता वेगवेगळी. २०११ मध्ये प्रकरण निकाल न लागताच बंद झालं. एकेकट्याच्या शरीरात शिरलं की कारण सापडत नाही. ते दिसतं लाखोंच्या आकड्यात, आणि लाखो माणसं एकत्र येऊन दावा लावू शकत नाहीत.

(दृश्य: मुंबई, वांद्रे. संध्याकाळी उपाहारगृहासमोरची गर्दी.)

भारतात ही कंपनी १९९६ च्या ऑक्टोबरात आली, आधी दिल्ली आणि मग मुंबई. इथे तिने गोमांस ठेवलं नाही, आलू टिक्की आणली, २००४ मध्ये २० रुपयांचा मेनू काढला. आता तर अशा साखळ्यांची गणती नाही, आणि भूक लागण्याआधीच फोनवर सवलत येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये वजन जास्त असलेल्या स्त्रिया होत्या १२.६ टक्के, पुरुष ९.३ टक्के. २०१९-२१ मध्ये स्त्रिया २४ टक्के, पुरुष जवळपास २३ टक्के. यातला मोठा वाटा घरातल्या तेलाचा आणि फरसाणाचा असेल, हे मान्य. वडापाव काही फळ नाही. पण वडापाववाला ‘वडा लार्ज करू का’ म्हणत नाही, सोबत खेळणं देत नाही, आणि मुलांच्या मनात काय आहे याचं संशोधन करायला त्याने माणसं नेमलेली नाहीत.

तरी बोट आधी त्याच्याकडेच गेलं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एम्समधून बातमी आली: समोसा, जिलेबीशेजारी तेल आणि साखरेचे फलक लागणार. देशभर गलका झाला. फलक कार्यालयांत लावायचे आहेत, विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा नाही, असा खुलासा केंद्र सरकारला करावा लागला. पाकिटाच्या दर्शनी बाजूला साखर-मीठ-चरबीची ठळक खूण असावी, याचा मसुदा मात्र सप्टेंबर २०२२ पासून तयार होता. तो पुढे सरकावा म्हणून लोकांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

(दृश्य: काउंटरवरचा मेनू फलक. किमतीशेजारी बारीक अक्षरांत आकडे.)

आपल्याकडे २०२२ पासून दहा किंवा अधिक ठिकाणी दुकानं असलेल्या साखळ्यांना मेनूवर उष्मांक लिहावे लागतात. न्यूयॉर्कने हे २००८ मध्येच केलं होतं. तिथल्या अभ्यासांत लोकांच्या खरेदीत फारसा फरक पडलेला दिसला नाही. आकडा उघड झाला. माप, भाव आणि ‘लार्ज करू का’ जागच्या जागी राहिलं.

जाहिरातींसाठीही २०२२ मध्येच केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. चिप्स, शीतपेयं आणि तसल्या खाण्याची जाहिरात मुलांसाठीच्या कार्यक्रमात किंवा फक्त मुलांच्या वाहिनीवर करायची नाही. क्रिकेटचा सामना, रात्री साडेसातला सुरू होणारा, सगळं घर मिळून बघतं, सात वर्षांची मुलंही. तो मुलांसाठीचा कार्यक्रम धरला जात नाही.