लक्ष कुठे असतं तुझं?

(अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार. तिळगूळ वाटून झाला, सकाळी चिमुकल्यांचं बोरन्हाणही छान पार पडलं. कार्यकारिणीनं मला ‘मुलांचं आरोग्य’ असा विषय दिला होता. थंडीतले आजार, लसी, डब्यातलं खाणं अशी टिपणंही मी काढली होती. ती बाजूला ठेवते, कारण आपल्या मराठी शाळेतल्या एका मुलाचं बोलणं मनातून जात नाही. त्याच्या आईबाबांना विचारूनच सांगते आहे. नाव विचारू नका.

वर्गात बाराखडी चालली होती आणि हा खिडकीकडे तोंड करून बसलेला. हाक मारली, उत्तर नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकला आणि म्हणाला, “मावशी, बाबांना नका ना सांगू, मी परत खिडकीतून बघत होतो म्हणून.” मग जरा थांबून म्हणाला, “खरं तर मी बघत पण नव्हतो. मी कुठेच नव्हतो.”

शाळा सुटल्यावर बाहेर त्याचे बाबा विचारत होतेच, “लक्ष कुठे असतं रे तुझं?” त्या बाबांवर माझा राग नाही. हाच प्रश्न ऐकत आपण सगळे मोठे झालो. अंगठे धरून उभं राहताना ऐकला, पाढे अडले तेव्हा ऐकला, वेताची छडी हातावर पडताना ऐकला. पण आपल्यापैकी कोणालाही हा प्रश्न उत्तर ऐकायच्या इच्छेनं विचारला गेला नव्हता. आणि इथे एका मुलानं त्याचं खरंखुरं उत्तर दिलं होतं.

प्रत्येकाच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक जण असायचा. आमच्या वर्गातल्याच्या कानात बारा महिने कापसाचा बोळा असायचा. कान फुटलेला. गुरुजी बोलायचे त्यातलं निम्मं त्याच्यापर्यंत पोचत नसणार. त्याला ‘ढ’ म्हणायचे आणि शिक्षा करताना गुरुजी धरायचे तो कानही तोच. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. बालरोग विभागात नर्स म्हणून काम करताना कान दुखणारं मूल आलं की तो हमखास आठवतो.

मला आज एवढंच सांगायचं आहे की मुलाचं लक्ष लागत नाही, ही गोष्ट ताप आल्यासारखी आहे. ताप आहे एवढं कळलं म्हणजे आजार कळला असं होत नाही. ताप कशाचा ते शोधावं लागतं. आपण मात्र लक्ष उडालं की थेट मुलाच्या स्वभावावर येतो. आळशी आहे, लाडावलाय, आयपॅडनं वाटोळं केलं.

आधी झोपेचं बोलते, कारण तिथे आपलं घर सगळ्यात कच्चं आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा. इथल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली हे आकडे जाहीर केले. आता आपल्या घरात बघा. कुमॉनची शिकवणी, मग पोहणं, मग तबल्याचा क्लास, साडेआठला जेवण, आणि मग भारतात सकाळ झाली म्हणून आजीशी व्हिडिओ कॉल. मूल अकराला झोपतं आणि सकाळी सहा-चाळीसची बस गाठतं. गावाकडे बातम्या संपल्या की अंथरुणं पडायची, आठवतंय ना? मोठा माणूस झोप कमी झाली की पेंगतो. लहान मूल पुष्कळदा उलट करतं. ते जास्त धावतं, खुर्चीवर टिकत नाही, चिडतं. त्यामुळे त्याला झोप हवी आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

आणि घोरणं. “बाबांसारखाच घोरतो,” असं आपण कौतुकानं सांगतो. रोज घोरणारं, तोंड उघडं टाकून झोपणारं, झोपेत श्वास अडून दचकणारं मूल डॉक्टरांना दाखवायला हवं. टॉन्सिल्स किंवा नाकामागच्या ॲडेनॉइड गाठी वाढल्या तर रात्रभर श्वास अडखळतो आणि झोप तुटत राहते. अशा ४६४ मुलांवर अमेरिकेत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. टॉन्सिल्स काढल्यानं लक्षाच्या कसोटीतले गुण म्हणावे तसे वाढले नाहीत, हे मी लपवत नाही. पण मुलांची झोप सुधारली, आणि वागणं सुधारल्याचं पालकांनी आणि शिक्षकांनीही नोंदवलं. शस्त्रक्रिया करा असं मी सांगत नाही. रात्री दहा मिनिटं मुलाजवळ बसून त्याचा श्वास ऐका, एवढंच सांगते.

आता जे बोलणार आहे ते आजच्या दिवशी बोलणं थोडं अवघड आहे. समोर हळदीकुंकवाची तबकं ठेवलेली दिसताहेत. पण बोलायलाच हवं, कारण हा धोका आपल्या स्वयंपाकघरात आणि देवघरात आहे. शिसं.

१९७९ साली हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी बॉस्टनजवळच्या शाळांतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. बाहेरून धडधाकट दिसणारी ही मुलं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांच्याबद्दल शिक्षकांनी ‘लक्ष विचलित होतं, सांगितलेलं पार पाडत नाही’ असं जास्त वेळा लिहिलं होतं. शिक्षकांना दातांतलं शिसं माहीत नव्हतं. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, हे आता सगळे मानतात. एका डेसिलिटर, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसं आलं की इथे पुढची चौकशी सुरू होते.

हे येतं कुठून? १९७८च्या आधी बांधलेल्या घरांचा जुना रंग, हे तुम्ही घर घेताना कागदपत्रांत वाचलंच असेल. आपल्या बाबतीत त्यावर आणखी भर पडते. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग मिसळतात, हे बांगलादेशात संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिलं. पाटण्याच्या बाजारातल्या हळदीतही पुढे ते सापडलं. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यानं मसाले तपासले, तेव्हा इथल्या दुकानातल्यांपेक्षा लोकांनी परदेशातून आणलेल्या मसाल्यांत शिसं जास्त निघालं. न्यू जर्सीतल्या दुकानांतून आणि भारतातून घेतलेल्या सिंदुराच्या नमुन्यांपैकी बहुतेकांत थोडंफार शिसं होतं, हे इथल्याच रटगर्स विद्यापीठानं २०१७ साली मांडलं. बाजारच्या काजळ-सुरम्यात ते असू शकतं. इंटरनेटवर मिळणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास २००८ सालचा आहे. आणि २०२५मध्ये अमेरिकी अन्न-औषध प्रशासनानं बाहेरून येणाऱ्या काही ॲल्युमिनियम, पितळी आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं असा इशारा दिला.

मला ठाऊक आहे, भारतातल्या मावशीनं स्वतः दळून दिलेल्या हळदीबद्दल असं बोललेलं कोणाला आवडत नाही. तिच्या मायेबद्दल मी बोलतच नाही. पण हळकुंडं कुठल्या बाजारातून आली आणि ती कशानं घासून चमकवली, हे मावशीला तरी कुठे माहीत? आज सकाळी बोरन्हाणाला दोन बाळांच्या डोळ्यांत काजळ होतं. पुढच्या वर्षी ते नसावं अशी माझी विनंती आहे. न्यू जर्सीत एक आणि दोन वर्षांच्या वयाला शिशाची रक्ततपासणी करायचा नियम आहे. पण जे मूल चौथ्या-पाचव्या वर्षी पुण्याहून किंवा नागपूरहून येतं, त्याची तपासणी सहज राहून जाते. डॉक्टरांकडे आपण होऊन मागा. साधी रक्ताची चाचणी असते.

रक्त तपासायचंच आहे तर लोहाचंही विचारा. भारतात २०१९ ते २१च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. आपण सुखवस्तू घरातले, आपल्याकडे हे नसणार, असं समजू नका. ‘दूध तरी पितोय’ म्हणून दिवसभर दुधाचे पेले देत राहिलं की पोटात दुसरं काही जात नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. फेरिटिनच्या चाचणीत तो कळतो. साठा कमी असलेली काही मुलं रात्री अंथरुणात सारखे पाय हलवतात, झोप नीट होत नाही आणि सकाळी वर्गात पुन्हा तेच.

डोळे आणि कान तपासणं इतकं सोपं आहे की त्यावर वेळ घालवत नाही, फक्त करून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर मूल दुखतंय असंही म्हणत नाही. त्याला फक्त कमी ऐकू येतं.

पण तो मुलगा म्हणाला, मी कुठेच नव्हतो. अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा, एक प्रकार असतो. तो साधारण चार ते दहा वर्षांच्या वयात सुरू होतो. मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. काही सेकंद नजर स्थिर होते, बोलणं मधेच तुटतं आणि मग जणू काही झालंच नाही असं ते पुढे सुरू होतं. दिवसातून पुष्कळ वेळा. मधला तेवढा वेळ त्याच्यापुरता नसतोच. तंद्रीतलं मूल हाकेला किंवा स्पर्शाला परत येतं, हे मूल सहसा येत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख काढला की कळतं आणि औषधानं बहुतेकांना चांगला गुण येतो. आपल्या शाळेतल्या त्या मुलाला हेच आहे असं मी म्हणत नाही. तो स्पर्शानं परत आला होता. ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, आणि त्यांची वेळ घेतली आहे.

काही मुलांच्या शरीरात काहीच बिघडलेलं नसतं. ती काळजीत असतात. बाबांची नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमानं मिळणाऱ्या साठ दिवसांत काय करायचं, हे आपण रात्री बंद दाराआड बोलतो आणि समजतो की मुलांना कळत नाही. वर्गात कोणी डब्याच्या वासावरून हसतं. भारतातली आजी गेली आणि विमानाच्या तिकिटांच्या गडबडीत मुलाशी त्याबद्दल कोणी बोललंच नाही. अशा मुलाचं लक्ष पुस्तकात नसतं, कारण ते दुसरीकडे कामाला लागलेलं असतं.

आणि मग एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं किंवा अतिचंचलता अशी लक्षणं असलेली मेंदूशी निगडित अवस्था. या सगळ्या तपासण्या मी सांगितल्या त्या ‘म्हणजे आमच्या मुलाला ते नाहीच’ असं म्हणायला निमित्त मिळावं म्हणून नाही. एडीएचडी खरी आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्के दिसतो, म्हणजे आईच्या संस्कारांशी तिचा संबंध जोडणं अन्यायाचं आहे. २०२२ सालच्या सरकारी पाहणीनुसार अमेरिकेत तीन ते सतरा वर्षांच्या ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान मिळालेलं आहे. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून हवीत, सहा महिने टिकलेली हवीत आणि घरी-शाळेत अशी एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत. निदान घाईनंही होतं. ज्या राज्यांत शाळाप्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना हे निदान सप्टेंबरवाल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त मिळालं, असं २०१८ साली दिसून आलं. आणि निदान राहूनही जातं, विशेषतः मुलींचं. शांत बसून हरवणाऱ्या मुलीचा वर्गात कोणालाच त्रास होत नाही. ‘किती गुणी आहे’ म्हणत आपण तिला तशीच सोडतो.

साखरेनं मुलं उड्या मारतात, हे चाचण्यांत टिकलेलं नाही. स्क्रीनचा परिणाम होतो, सगळ्यात आधी झोपेवर होतो. पण सगळं खापर स्क्रीनवर फोडलं की बाकी काही शोधायचं राहून जातं, म्हणून मला त्या उत्तराची भीती वाटते.

याहून जास्त भीती आपल्या गप्प बसण्याची वाटते. मधुमेहाच्या गोळ्या आपण पंगतीत बसून एकमेकांना दाखवतो. मुलाला शिकताना काय अडतं याचं मूल्यमापन शाळेनं करावं असा लेखी अर्ज द्यायचा हक्क इथे प्रत्येक पालकाला आहे, सरकारी शाळेत त्याचे पैसे लागत नाहीत. पण अर्ज देण्याआधी आई मला कोपऱ्यात घेऊन विचारते, “हे रेकॉर्डवर राहील का? मंडळात कोणाला कळणार नाही ना?” मुलाच्या एडीएचडीच्या गोळीचं नाव भारतातून आलेल्या सासूबाईंपासून लपवायचं म्हणून व्हिटॅमिनच्या बाटलीत गोळ्या भरून ठेवणाऱ्या घरांत मी गेले आहे. गोळ्या भलत्या बाटलीत ठेवणं धोक्याचं आहे, हे त्या आईला माझ्याइतकंच कळत होतं. स्पेलिंग बी जिंकलेल्या मुलाचा फोटो आपण स्मरणिकेत छापतो. आपल्यातल्याच दुसऱ्या मुलाला गृहपाठाला वीस मिनिटं बसायला काय सोसावं लागतं, ते आपल्या कानावरही येत नाही.

मराठी शाळेच्या नव्या वर्षाच्या अर्जात आम्ही एक रकाना वाढवतो आहोत, ‘तुमच्या मुलाबद्दल शिक्षकांना काय माहीत असावं?’ ॲलर्जीचा रकाना सगळ्यांनी नीट भरला होता, शेंगदाणे, काजू, मांजर, सगळं. हा रकाना तुम्ही भराल का, मला खरोखर सांगता येत नाही. अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत.