खांदेकऱ्यांची मंडळं

मंडळी, मध्ययुगीन इटलीतलं शहर म्हटलं की डोळ्यांपुढे कॅथेड्रल येतं, बिशप येतो, अनवाणी फ्रान्सिस्कन संन्यासी येतात. आज मला बोलायचंय ते चांभार, लोकर पिंजणारे, कापडाचे व्यापारी, नोटरी अशा संसारी माणसांबद्दल. वर्गणी काढून ही माणसं धर्मकार्याची मंडळं चालवत. इटालियनमध्ये त्यांना कोन्फ्रातेर्निता म्हणतात. आपण बंधुमंडळ म्हणू.

वर्गणी देऊन मिळायचं काय? मला विचाराल तर मुख्य म्हणजे खांदेकरी. खेड्यातून पोटासाठी शहरात आलेल्याला धास्ती एकच, उद्या मेलो तर उचलणार कोण? सभासद गेला की बाकीच्यांनी मेणबत्त्या घेऊन हजर राहायचं आणि त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायची, असा नियम. शिवाय जुगार नको, गुत्ता नको, भांडण झालं तर आधी आपसात मिटवा. बेर्गामोच्या 1265 मध्ये सुरू झालेल्या मंडळात तर बायकांची वेगळी नोंदवही होती.

1260 मध्ये पेरूजा शहरात रानिएरो फासानी या तपस्व्याच्या मागोमाग लोक प्रायश्चित्त म्हणून स्वतःला आसूड मारत रस्त्यावर उतरले. हे लोण शहराशहरांत पसरलं, मग ओसरलं. पण त्यातून कायमची मंडळं उभी राहिली. त्यांच्या झग्याला पाठीवर फट असे, फटका थेट कातडीवर बसावा म्हणून. चेहरा टोपडीत झाकलेला. गोव्यात मिरवणुकीत झगे घालून चालणारे कोन्फ्रारियाचे, म्हणजे तिथल्या बंधुमंडळाचे, सभासद तुम्ही पाहिले असतील. तेही याच गोतावळ्यातले, पोर्तुगालमार्गे आलेले. आसूड मात्र नाही हं.

फ्लॉरेन्सचं ओरसानमिकेले मंडळ गाणाऱ्यांचं. 1291 मध्ये ते निघालं ते धान्यबाजारात. तिथल्या खांबावर मारिया मातेचं चित्र होतं, त्यापुढे संध्याकाळी सभासद स्तोत्रं म्हणायचे, तीही लॅटिनमध्ये नाही, बोलीत. चित्र पावतं अशी ख्याती झाली आणि दानाचा ओघ लागला. 1348 च्या प्लेगमध्ये मरणाऱ्यांनी मृत्युपत्रांत या मंडळाला जे दिलं, त्याचा आकडा इतिवृत्तकार मात्तेओ विल्लानी साडेतीन लाख फ्लोरिन, म्हणजे तिथली सोन्याची नाणी, असा सांगतो. दान गरिबांसाठी होतं, पण विल्लानीच म्हणतो की भिकारी जवळजवळ सगळे साथीत मेले होते. तिजोरी भरलेली आणि दारात मागणारा नाही! कारभाऱ्यांवर तो ताशेरेही ओढतो. पुढे 1359 मध्ये शिल्पकार ओर्कान्याने मूळ चित्राच्या जागी आलेल्या मातेच्या नव्या चित्राभोवती संगमरवरी देव्हारा पुरा केला. आजही तो बघताना मला आधी ती मृत्युपत्रं आठवतात.

बोलोन्यात 1336 साली मृत्युमाता मारियेचं मंडळ सुरू झालं. इस्पितळ तर ते चालवतच, पण नंतर त्याची ओळख झाली ती देहदंडाच्या कैद्यांना धीर देण्यामुळे. आदल्या रात्री सभासद कोठडीत बसत, सकाळी वधस्थानापर्यंत सोबत जात. हातात दांडा असलेली एक लाकडी फळी असे, दोन्ही बाजूंनी रंगवलेली. एका बाजूला क्रूसावरचा येशू, दुसऱ्या बाजूला एखाद्या संताचा वध. ती कैद्याच्या तोंडासमोर अगदी जवळ धरायची, म्हणजे गर्दी दिसू नये, फाशीचा खांब दिसू नये. हात अवघडला तरी ती खाली घेऊन चालत नसे. शिडीवरसुद्धा, शेवटच्या क्षणापर्यंत, नाकासमोर ती फळी. नंतर प्रेत पुरायचं कामही याच मंडळींचं.