माळ्यावरचा ऐवज आणि गावातला बाजार

ज्येष्ठ ग्रामस्थ, भगिनींनो आणि मित्रहो,

येत्या पौषात आपल्या गावठाणात कारागिरांचा बाजार भरवायचे मंडळाने ठरवले आणि त्याची आखणी मांडण्यासाठी मला येथे उभे केले. माझे म्हणणे एकच आहे. या बाजाराची सुरुवात आपल्या घरांच्या माळ्यांवरून व्हावी. कारागिराला गिऱ्हाईक हवे असते, पण त्याहून अधिक त्याला काम हवे असते, आणि ते काम आपल्या पेट्यांत, खाटांखाली आणि पोटमाळ्यांवर पडून आहे.

१९७० साली नवे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीतली मासेमारी आक्रसली, आणि त्यांच्याबरोबर भाताची कणगी, पावसातले इरले, मासळीचा टोपला यांचीही गरज संपत गेली. पुढे कौलारू घरांच्या जागी इमारती आल्या, तेव्हा नव्या खोल्यांत जे मावले नाही ते भंगारात गेले. तरीही एखादा हंडा, एखादे घंगाळ, आजीचे लग्नातले लुगडे कुणीतरी हट्टाने राखले. त्या राखलेल्या वस्तू घेऊन लोकांनी बाजारात यावे, अशी माझी कल्पना आहे.

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये देशभरातले कारागीर माल घेऊन येतात. तिथे होते ती विक्री आपण पुन्हा कशाला करायची? आपला बाजार दुरुस्तीचा असावा. जात्याला टाकी लावणारा, म्हणजे झिजलेला दगड टाचून पुन्हा खरखरीत करणारा, सूप-रोवळी विणणारा, गोधडीला टाके घालणाऱ्या बायका आणि कल्हईवाला यांना आपण विकण्याआधी काम करायला बोलवावे.

यात मला कल्हईचे, म्हणजे भांड्याला आतून देतात त्या कथलाच्या मुलाम्याचे, अगत्य विशेष आहे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार किंवा आमसुलाची आमटी ठेवली की अन्न कळकते, म्हणून घरोघरची भांडी वापरातून गेली आणि शोभेची झाली. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकून आतला भाग स्वच्छ करतो आणि कथील लावून ते कापसाच्या बोळ्याने झपाझप सगळीकडे फिरवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे भात्याच्या लहानशा भट्टीवरही हे काम होते. मात्र नवसागराचा धूर घशाला झोंबतो. म्हणून ही भट्टी देवळाच्या पटांगणाच्या मोकळ्या टोकाला, वारा गर्दीकडून बाहेर जाईल अशा बाजूला लावावी आणि मुलांना अंतरावर उभे करावे.

भांडे कारागिराच्या हाती देण्याआधी त्याचा काठ नीट पाहा. लग्नात मामाने किंवा आत्याने दिलेल्या भांड्यावर नाव, गाव आणि कधी कधी तारीखही घातलेली असते. सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही, अशा एखाद्या पणजीचे नाव तिथे सापडू शकते, आणि माझ्या मते त्या घराचा तो सर्वांत मोलाचा कागद आहे. तेवढा भाग जोराने घासू नये, हे कारागिराला आधी सांगावे. जुने लुगडे असेल तर वर्षानुवर्षांच्या त्याच रेषेवर त्याची पुन्हा घडी घालू नये, कारण जरीची तार आणि रेशीम त्या घडीवरच तुटते.

ठेवणीतल्या वस्तूंवर किंमत लावायची नाही, याबाबत मी आग्रही आहे. गर्दी झाली की जुन्या वस्तूंचे खरेदीदार आपोआप येतात आणि अडल्या घराकडून पाण्याच्या मोलाने वस्तू उचलतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, हेही लोकांना सांगायला हवे.

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेच्या यात्रेत जनावरांबरोबर घोंगड्यांचाही बाजार भरतो, म्हणून आपला दिवस त्या यात्रेनंतरचा धरावा. भात घरात आलेले असते, पाऊस नसतो आणि कारागीर प्रवासासाठी मोकळा असतो. त्याच्याकडून जागेचे भाडे किंवा टक्केवारी घेऊ नये; उलट जाण्यायेण्याचा खर्च, मुक्काम आणि दिवसाची ठरलेली मजुरी मंडळाने आधी हातात द्यावी. वारली चित्रकार बोलवायचे तर पालघर जिल्ह्यातले बोलवावेत, जो १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्याचा भाग होता. या चित्रकलेला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. अशा कलेच्या शेजारी यंत्रावर छापलेल्या वारली पिशव्यांचे दुकान मांडू देणे मला अन्यायाचे वाटते. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपल्या विणणारे आणि मासेमारीची जाळी करणारेही आहेत; त्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. नोंदणीची माहिती देणारे एक टेबल तेवढ्यासाठी ठेवावे.

बाजाराच्या महिनाभर आधी कॉलेजातली मुले दोघादोघांनी घरोघर पाठवू. त्यांच्या वहीत वस्तू कोणती, कुणाकडून आली, कशासाठी वापरायचे, आता काय मोडले आहे आणि दुरुस्त करायची की नुसती दाखवायची, एवढे लिहून घ्यावे. फोटो जुने निघाले तर मोबाइलवर त्यांची नक्कल घ्यावी आणि मागे नावे लिहायची झाल्यास शाईऐवजी मऊ पेन्सिल वापरावी. ही वही भरली की किती कल्हईवाले आणि किती टाकी लावणारे बोलवायचे, ते तिच्यावरूनच ठरवू.