डूमची चाल

अध्यक्ष महोदय आणि रसिक श्रोतेहो,

सीमाभागातील व्याख्यानमालांतून संतसाहित्य, इतिहास, शेती आणि सीमाप्रश्न या विषयांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. त्याच मंचावर एका व्हिडिओ गेमसाठी संपूर्ण संध्याकाळ द्यावी असे संयोजकांना वाटले, याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. समोर बसलेल्यांपैकी काहींनी हा गेम रात्री जागून खेळला असेल आणि काहींनी त्यापायी घरातल्या मुलांना रागे भरले असेल. मी दोघांशीही बोलणार आहे. १५ मे २०२५ रोजी ‘डूम : द डार्क एजेस’ प्रसिद्ध झाला. या मालिकेवर माझे शाळकरी वयापासून प्रेम आहे, आणि त्या प्रेमाच्या अधिकाराने मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. ओळखीचे राक्षस, ओळखीच्या बंदुका आणि डब्यावरचे ओळखीचे नाव एवढ्याने नवा भाग जुन्याचा वारसदार ठरत नाही. पडद्यावर आपण कसे चालतो, कसे सरकतो, शत्रूच्या किती जवळ जातो, यावर ते ठरते. त्या अर्थाने हा नवा भाग १९९३ सालच्या पहिल्या डूमच्या फार जवळ आला आहे, आणि जिथे तो आपली चाल विसरतो तिथेच घसरतो.

पहिला डूम १० डिसेंबर १९९३ रोजी आला. टेक्सासमधील ‘इड सॉफ्टवेअर’ या लहानशा कंपनीने तो बनवला. जॉन कारमॅक यांनी त्याचे इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, लिहिले आणि जॉन रोमेरो यांचा लेव्हल, म्हणजे खेळाचे टप्पे, रचण्यात मोठा वाटा होता. कथा दोन वाक्यांची होती. मंगळाच्या फोबोस आणि डायमोस या उपग्रहांवर एक कंपनी एका क्षणात इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्राचे प्रयोग करत असते, त्यातून नरकाचे दार उघडते आणि एका सैनिकाला एकट्याने सगळ्याला तोंड द्यावे लागते. कथेपेक्षा महत्त्वाची होती ती त्या काळच्या संगणकाने घातलेली बंधने. नकाशा मुळात सपाट असे, त्यामुळे एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नसे. उडी मारता येत नसे. मान वर किंवा खाली करता येत नसे आणि शत्रू उंचावर असला तर बंदुकीचा नेम आपोआप जुळून येई. म्हणजे सगळी लढाई जमिनीवर, आडव्या दिशेने चाले. मात्र त्या जमिनीवर आपला सैनिक विलक्षण वेगाने धावे, आणि इम्प नावाचा राक्षस जो आगीचा गोळा फेकी तो डोळ्यांना दिसत, संथपणे येई.

गोळ्याचा संथपणा आणि आपल्या पायांचा वेग यांत जे अंतर पडे त्यातच डूम आहे. पहिल्याच लेव्हलमध्ये हिरव्या विषारी द्रवावरून जाणारी नागमोडी वाट आहे आणि पलीकडच्या उंच कट्ट्यावर इम्प उभा असतो. नवखा खेळाडू तिथे थबकतो आणि मागे सरतो. थोड्या सरावाने त्याला कळते की मागे सरण्याची गरज नाही. गोळा हातभर अंतरावर येईपर्यंत थांबावे, एक पाऊल बाजूला टाकावे आणि पुढेच जावे. हुकलेला गोळा मागच्या दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला तर ते दोघे आपसांत भिडतात, म्हणून कुठे उभे राहायचे हेसुद्धा एक शस्त्र होते. आज इतकी वर्षे झाली तरी त्या वाटेवरचे ते एक पाऊल माझ्या बोटांना पाठ आहे.

बेळगावात डूम कसा पोचला, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या गेमचा पहिला खंड फुकट वाटण्याची मुभा कंपनीनेच दिली होती, त्यामुळे तो फ्लॉपीवरून आणि पुढे संगणक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींवरून हातोहात फिरला. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ या भागांत सायबर कॅफे निघाले तेव्हा केबलने जोडलेल्या संगणकांवर चौघांनी एकमेकांविरुद्ध खेळता येऊ लागले. शेजारच्या खुर्चीवर कन्नड बोलणारा मित्र असे, त्याच्या पलीकडे उर्दू बोलणारा. आणि ‘आला, आला, बलक्के नोडो, डावीकडनं घे’ अशी ओरड एकाच दमात, कोणालाही भाषांतर न लागता चाले. या शहरात भाषेवरून काय काय झाले आहे हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. म्हणूनच ती संध्याकाळची तासाभराची गर्दी मला आजही मोलाची वाटते.

मधल्या भागांचा धावता उल्लेख करतो. १९९४ च्या दुसऱ्या भागाने दुनळी शॉटगन दिली, ती आजतागायत या मालिकेची खूण आहे. २००४ चा ‘डूम ३’ अंधाराचा गेम होता. बॅटरी हातात घेतली की बंदूक खाली ठेवावी लागे, भीती वाटे, पण पावले जड झाली होती. २०१६ मध्ये वेग परत आला आणि त्याबरोबर एक सुंदर युक्ती आली, ती म्हणजे जखमी राक्षसाला हाताने संपवले की आपली तब्येत सुधारते. त्यामुळे घायाळ झालेला खेळाडू आडोशाला लपण्याऐवजी शत्रूच्या अंगावर जाऊ लागला. मग आला ‘डूम इटर्नल’, २० मार्च २०२० रोजी, म्हणजे लॉकडाऊनच्या आदल्या आठवड्यात. घराबाहेर पाऊल टाकायची बंदी आणि पडद्यावर दुहेरी उड्या, हवेतल्या हवेत झेप, शॉटगनला बांधलेला आकडा शत्रूत रुतवून त्याच्याकडे खेचले जाणे, असा तो काळ होता. कारागिरीच्या दृष्टीने इटर्नल थोर आहे, यात शंका नाही. पण त्यात दारूगोळा हवा तर करवत, चिलखत हवे तर आगीचा फवारा आणि तब्येत हवी तर हाताचा घाव, असे वेळापत्रक डोक्यात सतत चालवावे लागे, आणि लढाई जमिनीवरून हवेत गेली होती. ज्यांना ते जमले त्यांनी त्याला डोक्यावर घेतले. ज्यांना जमले नाही ते हळहळत बाजूला झाले.

आता नव्या भागाकडे वळतो. काळाच्या दृष्टीने ही २०१६ च्या भागातील घटनांच्या आधीची कथा आहे. दिग्दर्शक ह्यूगो मार्टिन यांनी नायकाच्या हाती ढाल दिली आणि दुहेरी उडी काढून घेतली. या एका अदलाबदलीने सगळे पालटले. नायक पुन्हा जमिनीवर आला. त्याचे वजन जाणवू लागले. आणि राक्षस जे गोळे फेकतात ते पुन्हा डोळ्यांना दिसतील इतके संथ झाले. फरक असा की तेव्हा एक गोळा येई, आता गोळ्यांच्या रांगा येतात, भिंतीसारख्या येतात, आणि त्यांमधल्या फटींतून वाट काढावी लागते. हीच ती १९९३ ची चाल आहे. त्या नागमोडी वाटेवर जे एक पाऊल बाजूला टाकायला शिकलो, तेच पाऊल इथे मोकळ्या रणांगणावर, चहूबाजूंनी वेढलेले असताना टाकायचे आहे.

त्यात भर पडली आहे ती रंगाची. येणाऱ्या गोळ्यांपैकी हिरवा जो असेल तो ढालीने नेमक्या क्षणी परतवता येतो. बाकीचे चुकवायचे किंवा ढालीवर झेलायचे. त्यामुळे ज्या हल्ल्यापासून पळावेसे वाटते त्यातलाच हिरवा गोळा शोधत खेळाडू हल्ल्याच्या तोंडाशी जातो. धातूचे चिलखत किंवा ढाल घेतलेल्या शत्रूंवर गोळ्या झाडत राहिले की तो धातू तापत जातो, लालभडक होतो, आणि मग आपली ढाल फेकली की त्याच्या ठिकऱ्या उडतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत धातूचा रंग पाहून त्याची अवस्था ओळखणारे कारागीर आपल्या ओळखीचे आहेत. गेममध्ये मला तीच नजर कामाला लावावी लागली. पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे वाचायचे नाहीत, शत्रूच्या अंगावरचा रंग वाचायचा. एका लढाईत समोर ढाली लावून सैनिकांची फळी उभी होती आणि तिच्या मागून मँक्युबस हा लठ्ठ राक्षस मारा करत होता. मी फळीवर गोळ्या झाडत चालत गेलो, ढाली लाल झाल्या, ढाल फेकली, फळी फुटली, त्या फुटीतून ढालीसकट झेप घेऊन थेट मँक्युबसपाशी पोचलो, त्याचा हिरवा गोळा त्याच्याच तोंडावर परतवला आणि शॉटगन चालवली. हे सगळे काही सेकंदांत झाले आणि त्यात एकदाही मला मागे यावे लागले नाही. इतक्या वर्षांनी एखाद्या गेमने माझ्या बोटांना त्यांची जुनी भाषा बोलू दिली, म्हणून त्या रात्री मला फार आनंद झाला.

आता उणिवा सांगतो, कारण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याविषयी गप्प बसणे बरे नव्हे. काही भागांत आपण ॲटलान नावाच्या डोंगराएवढ्या यंत्रमानवात बसून लढतो आणि काही भागांत यांत्रिक पंखांच्या ड्रॅगनवरून उडतो. जाहिरातीत ही दृश्ये भव्य दिसली, प्रत्यक्षात मात्र तिथे पावले उरत नाहीत. यंत्रमानव समोरासमोर ठोसे देतो, ड्रॅगन एका जागी तरंगत हिरव्या खुणेची वाट पाहतो. बाजूला सरकण्याचा नुसता देखावा राहतो. प्रत्येक वेळी मी ते उरकून जमिनीवर यायची वाट पाहिली. कथाही लांबली आहे. राजकुमार अहझराक, मेकर लोक, अर्जेंट डनूरचे राज्य हे सगळे दृश्यांमागून दृश्यांत उलगडते, पण नायक मुका असल्याने त्या दरबारी संवादांत त्याला काही काम नसते.

संगीताबद्दल मात्र मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. २०१६ आणि २०२० च्या भागांना मिक गॉर्डन यांचे संगीत होते. २०१६ च्या वेळी त्यांना सुरुवातीला गिटार वापरू नका असेच सांगितले होते. त्यांनी साधे ध्वनी यंत्रांच्या साखळीतून फिरवून खरखरीत गुरगुर तयार केली आणि मग हळूहळू नऊ तारांची गिटार त्यात आणली. ते संगीत लढाईचा वेग ओळखून चढे आणि उतरे, आणि खेळाडूची पावले नकळत त्या ठेक्यावर पडत. नव्या भागाचे संगीत ‘फिनिशिंग मूव्ह’ या जोडीने दिले आहे. ते भारदस्त आहे, प्रसंगाला शोभते, पण लढाई संपल्यावर कानात राहत नाही. ज्या गेमने चाल इतकी नेमकी पकडली त्याला तालाची अशी साथ मिळाली असती तर काय झाले असते, ही रुखरुख मला आहे. आणि या वेळी एकमेकांशी खेळण्याची सोय मुळीच दिलेली नाही. ज्या मालिकेने केबलने जोडलेल्या चौघांच्या झुंजीला ‘डेथमॅच’ हे नाव दिले, तिने चाहत्याला एकट्याने बसायला लावावे, हे मला पटत नाही.

शेवटचा मुद्दा संगणकाचा. पहिला डूम ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरीवर चाले. नव्याला १६ जीबी मेमरी लागते, म्हणजे चार हजार पटींहून अधिक. सुमारे १०० जीबी जागा लागते. आणि रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याचे काम, करणारे ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो सुरूच होत नाही. यामागचे कारण मला समजते. प्रकाश आणि सावल्या आगाऊ आखून ठेवण्याऐवजी खेळताखेळता मोजल्या जात असल्याने एवढी प्रशस्त रणांगणे रचणे त्यांना सोपे गेले. पण खानापूर तालुक्यातल्या किंवा निपाणीकडच्या खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये असे कार्ड क्वचितच असते, आणि तासावर पैसे देऊन खेळायचे ते सायबर कॅफेही आता फारसे उरले नाहीत. ज्या मालिकेतल्या पहिल्या गेमचा पहिला खंड फुकट वाटून घराघरांत गेला, तिच्या नव्या भागाचे दार इतके अरुंद असावे, याचे मला खरोखर दुःख आहे. ग्राफिक्सची पातळी उतरवून का होईना, साध्या कार्डावर तो चालवण्याची सोय त्यांनी द्यायला हवी होती.

तोवर अशा मुलांनी मूळ डूमकडे जावे, असे मी सुचवीन. डिसेंबर १९९७ मध्ये कारमॅक यांनी त्याच्या इंजिनाचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता, सर्वांसाठी खुला केला, त्यामुळे तो आज जवळपास कुठल्याही यंत्रावर चालतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तर तो सी भाषेतला कोड उघडून वाचावा. आणि ज्यांच्याकडे नवा भाग खेळण्याची सोय आहे त्यांनी सुरू करण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये जावे. गेमचा वेग, शत्रूच्या गोळ्यांचा वेग, ढालीने परतवण्यासाठी मिळणारा अवधी हे सगळे तिथे वेगवेगळे कमी-जास्त करता येते. ज्यांचा हात पूर्वी बसलेला आहे त्यांनी गेमचा वेग थोडा वाढवावा. ज्यांना इटर्नल झेपला नव्हता त्यांनी परतवण्याचा अवधी वाढवून घ्यावा आणि मग निर्धास्तपणे पुढे चालत जावे.