अनुदान सुटलं, वीज कुठे आहे?

(दृश्य : सकाळ. बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरच्या गच्च्या वरून दिसतात. गडद निळ्या पॅनलच्या रांगा, मधूनमधून पाण्याच्या टाक्या.)

नागपूरचं ऊन कसं असतं हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलर दिवसरात्र चालतो आणि जूनमध्ये हातात पडणारं वीजबिल घराचा महिन्याचा हिशेब विस्कटून टाकतं. छतावर सौर पॅनल बसवण्यात हा जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला, त्याचं कारण या उन्हात आणि त्या बिलात आहे.

या गच्च्यांवर सरकारी पैसाही आहे. ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. लक्ष्य १ कोटी घरांचं, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये सबसिडी. त्याहून मोठा संच बसवला तरी रक्कम तेवढीच.

हा पैसा आपल्या सगळ्यांच्या करातून येतो. एकट्या सूर्यघर योजनेची ही गोष्ट नाही. विजेवरच्या गाड्या, पवनचक्क्या, सौर कृषी पंप अशा अनेक वाटांनी तो वर्षानुवर्षं जातो आहे. तो सुटतो कशाच्या आधारावर, आणि मधल्या मध्ये कोण लाटतं, हे आपण पाहणार आहोत.

(दृश्य : पुणे-नाशिक महामार्ग, चाकण औद्योगिक वसाहत. कारखान्यांची फाटकं.)

९ एप्रिल २०२५. राष्ट्रीय शेअर बाजाराचे एक अधिकारी चाकणला पोहोचले. जेनसोल इंजिनिअरिंग या कंपनीचा विजेवरच्या गाड्यांचा कारखाना इथे असल्याचं सांगितलं जात होतं. जानेवारीत कंपनीने शेअर बाजाराला कळवलं होतं की आपल्या नव्या गाडीसाठी ३०,००० गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे. प्रत्यक्षात कारखान्यात उत्पादन चालू नव्हतं. दोन-तीन मजूर तेवढे हजर होते.

मग अधिकाऱ्यांनी वीजबिलं मागितली. मागच्या बारा महिन्यांत महावितरणचं सर्वांत मोठं बिल डिसेंबर २०२४ चं होतं. रक्कम १,५७,०३७ रुपये. मोटारी बनवणाऱ्या कारखान्याचं महिन्याचं बिल एवढंच!

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या १५ एप्रिलच्या अंतरिम आदेशात हे सगळं नोंदलेलं आहे, आणि त्यातले पुढचे आकडे याहून गंभीर आहेत. जेनसोलने ‘इरेडा’ आणि ‘पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन’ या दोन सरकारी वित्तसंस्थांकडून ९७७.७५ कोटींचं कर्ज घेतलं. त्यातले ६६३.८९ कोटी ६,४०० विजेवरच्या गाड्या घेण्यासाठी होते. गाड्या घेतल्या ४,७०४. कंपनीने स्वतःचा २० टक्के वाटा घालायचा होता. तो धरला तर २६२.१३ कोटी रुपयांचा हिशेब लागत नाही. सेबीच्या म्हणण्याप्रमाणे गाड्यांसाठी निघालेला पैसा विक्रेत्याच्या खात्यातून फिरून प्रवर्तकांशी जोडलेल्या कंपन्यांकडे परत आला. काही रक्कम गुरुग्राममधल्या एका आलिशान फ्लॅटसाठी गेली. कर्जफेड वेळेवर चालू असल्याची या वित्तसंस्थांच्या नावाची पत्रं, कंपनीची पत ठरवणाऱ्या पतमानांकन संस्थांना दिली गेली होती. ती आपण दिलेलीच नाहीत, असं दोन्ही वित्तसंस्थांनी सांगितलं.

हे कर्ज होतं, अनुदान नव्हे, हे मान्य. पण ‘इरेडा’ची स्थापनाच १९८७ मध्ये नवीकरणीय ऊर्जेला पैसा पुरवण्यासाठी झाली. इथून गेलेला प्रत्येक रुपया धूर कमी व्हावा म्हणून गेला होता. त्या रुपयाचा फ्लॅट झाला असेल, तर चोरी फक्त भागधारकांची झालेली नाही.

आकड्यांच्या या जंगलात मला ते वीजबिल फार महत्त्वाचं वाटतं. करार, निवेदनं, मानांकनाची पत्रं, सगळं जागच्या जागी होतं. जे नव्हतं ते महावितरणच्या मीटरने दाखवलं.

(दृश्य : दुचाकीच्या शोरूमचा दर्शनी भाग. नंतर सुटे भाग: मोटर, कंट्रोलर, चार्जर.)

दुसरी घटना दुचाकींची. विजेवरच्या गाड्यांना सबसिडी देणारी केंद्राची ‘फेम-२’ योजना एप्रिल २०१९ मध्ये १०,००० कोटींच्या तरतुदीने सुरू झाली. जून २०२१ पासून दुचाकीच्या बॅटरीला दर किलोवॅट-तासामागे १५,००० रुपये मिळू लागले, गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत. ग्राहकाला गाडी तेवढी स्वस्त द्यायची आणि ती रक्कम कंपनीने सरकारकडून भरून घ्यायची, अशी पद्धत होती. अट एक : ठरलेले भाग भारतात बनलेले हवेत.

काही कंपन्यांनी ते भाग चीनमधून आणले आणि कागदावर देशी दाखवले, असा आरोप आहे. २०२३ मध्ये अवजड उद्योग मंत्रालयाने सात कंपन्यांकडे ४६९ कोटी रुपये परत मागितले. पुढे २०२४ च्या अखेरीस गंभीर फसवणूक अन्वेषण कार्यालयाने (एसएफआयओ) हीरो इलेक्ट्रिक, ओकिनावा ऑटोटेक आणि बेनलिंग इंडिया या तिघांवर छापे घातले. सुमारे २९७ कोटींची सबसिडी लबाडीने घेतल्याचा संशय त्यामागे होता.

इथे गाडी खरी होती, धावतही होती, ग्राहकाला काही कळायचं कारण नव्हतं. नुकसान झालं ते ज्याने इमानदारीने इथे मोटर आणि कंट्रोलर बनवण्यासाठी यंत्रं मांडली, कर्ज काढलं, त्याचं. नियम पाळल्यामुळे त्याचा माल महाग पडला. नियम मोडणारा त्याच सबसिडीवर त्याला मागे टाकून गेला. माझ्या दृष्टीने या फसवणुकीतला सर्वांत क्रूर भाग हाच आहे, आणि त्यावर फार थोडं बोललं जातं.

(दृश्य : सातारा जिल्हा, वनकुसवडे पठार. पवनचक्क्या, काही फिरणाऱ्या, काही थांबलेल्या.)

महाराष्ट्राला हा धडा पूर्वीच मिळाला होता. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा सवलत मिळायची ती यंत्र उभारण्यावर. पहिल्याच वर्षी किमतीच्या ८० टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम घसारा, म्हणजे यंत्राची झीज, म्हणून दाखवून कर वाचवता येत असे. मोठा नफा असलेल्या कंपन्यांनी आणि व्यक्तींनी पवनचक्क्या विकत घेतल्या. कर वाचला की पातं फिरतं की नाही याच्याशी अनेकांना कर्तव्य उरलं नाही. हे सगळं कायदेशीर होतं, म्हणून त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. मात्र सरकारला चूक उमगली. २००९ च्या अखेरीस प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटवर प्रोत्साहन रक्कम देण्याची योजना आली. यंत्र उभं केलं म्हणून नव्हे, वीज आली म्हणून पैसे.

अमेरिकेत तर अर्धीअधिक यंत्रंच नव्हती. कॅलिफोर्नियातल्या ‘डीसी सोलर’ने चाकांवरचे सौर जनरेटर करसवलतीच्या आमिषाने मोठमोठ्या गुंतवणूकदारांना विकले. सुमारे १७,००० जनरेटर बनवल्याचा दावा होता, त्यांतले निम्म्याहून अधिक अस्तित्वातच नव्हते. तपासणी आली की असलेल्या जनरेटरवरचे ओळख क्रमांकाचे स्टिकर बदलायचे. घोटाळा सुमारे १ अब्ज डॉलरचा होता. मालक जेफ कारपॉफ याला २०२१ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली.

(दृश्य : पुन्हा नागपूर. काटोल रोडवरचं विद्युत भवन. नंतर एका गच्चीवर पॅनल चढवणारे कामगार.)

आता आपल्या गच्चीवर येऊ.

सूर्यघर योजनेची रचना आधीच्यांपेक्षा बरी आहे. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, नोंदणीकृत वेंडरची निवड, काम पूर्ण झाल्यावर महावितरणची तपासणी, नेट मीटर (घरात आलेली आणि बाहेर गेलेली वीज मोजणारा मीटर) आणि मग सबसिडी थेट ग्राहकाच्या खात्यात. वेंडरला ती परस्पर उचलता येत नाही. लबाडीला जागा मात्र उरते.

पहिली जागा पॅनलमध्ये. सबसिडीसाठी डीसीआर पॅनल लागतं, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले. परदेशी सेलचं पॅनल बरंच स्वस्त पडतं. बिल डीसीआरचं लावायचं आणि गच्चीवर दुसरंच चढवायचं, हा मोह त्या फरकातून येतो. परदेशी पॅनलही वीज देतं, त्यामुळे बिल कमी झालं म्हणून घरमालक खूश असतो. पकडलं जातं ते फक्त अनुक्रमांकावरून. प्रत्येक पॅनलवर तो छापलेला असतो. पॅनल स्ट्रक्चरवर चढण्याआधी, खाली अंगणात असतानाच, त्याचा फोटो काढा आणि बिलावरच्या, पोर्टलवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. वर चढल्यावर पाहणं अवघड असतं.

दुसरी जागा कर्जात. ‘भाऊ, एक पैसा लागत नाही, सही करा फक्त.’ तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं, ही सोय खरोखर चांगली आहे. पण सही करणाऱ्याला अनेकदा एवढंच ठाऊक असतं की सरकार फुकट देतंय. किंमत फुगवलेली असली तर सबसिडी त्या फुगवट्यातच जिरते. बँकेचा हप्ता मात्र घरमालकाच्या नावावर राहतो, संच चालो अथवा बंद पडो. सही करण्याआधी निदान तीन वेंडरचे भाव लेखी घ्या.

तिसरी जागा शेतात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी १० टक्के रक्कम भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा त्यातच धरलेला आहे. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला दिवसा पाणी देता येणं म्हणजे रात्रीचं जागरण आणि सापाची भीती संपणं. त्याच गरजेवर खोट्या संकेतस्थळांनी हात मारला. ‘नोंदणी शुल्क’ भरा म्हणायचं आणि गायब व्हायचं. केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने याबद्दल पुन्हा पुन्हा इशारे दिले आहेत.

(दृश्य : कोराडी. चिमण्या, राखेचे ढीग, जवळची शेतं.)

हे कोराडीच्या माणसाला सगळ्यात जास्त लागायला हवं. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख या भागाने वर्षानुवर्षं श्वासात घेतली. जुलै २०२२ मध्ये खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि ती राख शेतांत, नाल्यांत शिरली. सौरऊर्जेवर गेलेला रुपया या माणसांच्या छातीवरचा भार हलका करण्यासाठी आहे. तो मध्येच कुणी खाल्ला तर राख तेवढीच राहते. वर ‘सोलर म्हणजे फसवणूक’ असं गल्लीत बोललं जातं, आणि शेजारच्या चार घरांची गच्ची रिकामी राहते. मला या दुसऱ्या नुकसानीची जास्त काळजी वाटते.

(दृश्य : इन्व्हर्टरचा पडदा जवळून. मोबाइलवर दिवसाच्या युनिटचा आलेख.)

उपाय अवघड नाही. महावितरणच्याच हिशेबाने एक किलोवॅटपासून महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात. तीन किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने महिन्याला ३६० च्या आसपास द्यायला हवा. पावसाळ्यात कमी, धूळ साचली तर आणखी कमी. नेट मीटरवर पूर्ण उत्पादन दिसत नाही, कारण घरात लगेच वापरलेली वीज त्यात येतच नाही. पूर्ण आकडा इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये असतो. त्या अ‍ॅपचा पासवर्ड वेंडरकडे ठेवू नका, स्वतःकडे घ्या आणि दर महिन्याची नोंद करा.

सरकारकडे मागणी एकच. घरमालकाची सबसिडी अडवू नका, त्याला थांबणं परवडत नाही. वेंडर नोंदणीच्या वेळी बँक हमी देतोच. पहिल्या वर्षाची युनिटं आणि पॅनलचे अनुक्रमांक तपासूनच ती हमी मोकळी करा. ज्यांची जप्त झाली, त्यांची नावं महावितरणने जिल्हावार प्रसिद्ध करावीत. नागपूरची यादी विद्युत भवनाच्या दर्शनी फलकावर मराठीत लावावी, म्हणजे अर्ज करायला आलेल्या माणसाला सही करण्याआधी ती वाचता येईल.